हरपलेली शुद्ध आणि ध्वनीचा उपचार

ऑगस्ट २०१६ मध्ये अमेरिकेतील लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी एका पंचवीस वर्षांच्या तरुणाची हकीकत ‘ब्रेन स्टिम्युलेशन’ या नियतकालिकात प्रसिद्ध केली. मेंदूला जबर इजा होऊन हा तरुण कोमात गेला होता. त्यातून तो बाहेर येऊ लागला असला, तरी जाणिवेची अगदी पुसट लक्षणेच त्याच्या ठायी दिसत होती. सांगितल्यावर एखादी लहानशी हालचाल करणे, एवढीच त्याची मजल होती. डॉ. मार्टिन मोंटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बशीएवढे एक उपकरण त्याच्या डोक्याच्या बाजूला ठेवले आणि दहा मिनिटांच्या अवधीत तीस-तीस सेकंद याप्रमाणे दहा वेळा श्राव्यातीत ध्वनीच्या लहरी त्याच्या मेंदूच्या गाभ्यात सोडल्या. दुसऱ्या दिवशी त्याचे प्रतिसाद वाढल्याचे मोजमापात दिसून आले. तीन दिवसांनी तो पूर्ण शुद्धीवर आला. त्याला बोलणे समजू लागले आणि मान हलवून तो ‘होय’ व ‘नाही’ अशी खात्रीची उत्तरे देऊ लागला.

बंद पडलेले यंत्र धक्का देऊन सुरू करावे, तसा मेंदू सुरू केला, अशा थाटात ही बातमी जगभर गेली. स्वतः मोंटी यांची भाषा मात्र निराळी होती. हा रुग्ण आपोआपच सुधारत असावा आणि नेमक्या त्याच वेळी उपचार घडला असावा, ही शक्यता त्यांनी त्याच दिवसांत मोकळेपणाने बोलून दाखविली. बातमीतील उत्साह आणि संशोधकाच्या बोलण्यातील सावधपणा या दोहोंमध्ये जे अंतर आहे, त्यात या विषयाचे मर्म सापडते. ध्वनीने शुद्ध परत येते की नाही, हे ठरविण्यापूर्वी समोर निपचित पडलेल्या माणसाला आज कितपत जाणीव आहे, हे नेमके सांगता आले पाहिजे. वैद्यकाला हे अद्याप पुरते साधलेले नाही. आणि जेथे ते साधण्याचा मार्ग उपलब्ध आहे, तेथेही तो क्वचितच चोखाळला जातो. नव्या उपचाराविषयीची आशा आणि जुन्या तपासणीविषयीची हयगय या दोन गोष्टी म्हणूनच एकत्र पाहिल्या पाहिजेत.

जागेपण आणि जाणीव

नित्याच्या व्यवहारात मनुष्य शुद्धीवर असतो किंवा बेशुद्ध असतो, असे मानण्याची रीत आहे. मेंदूच्या जबर दुखापतीत ही सोपी विभागणी टिकत नाही. तेथे जागेपण आणि जाणीव अशा दोन स्वतंत्र गोष्टींचा विचार करावा लागतो. डोळे उघडणे, झोप आणि जाग यांचे चक्र चालू राहणे हे जागेपण. स्वतःची आणि भोवतालची ओळख असणे ही जाणीव. कोमामध्ये या दोन्ही गोष्टी लोपलेल्या असतात. परंतु कोमा सहसा काही आठवड्यांपलीकडे टिकत नाही. रुग्ण एक तर दगावतो, नाहीतर डोळे उघडतो; आणि डोळे उघडले म्हणजे जाणीव परतली, असे मात्र होत नाही.

कृत्रिम श्वसनाची यंत्रे आणि अतिदक्षता विभाग यांनी पूर्वी हमखास दगावणारे कित्येक रुग्ण वाचविले. त्यांतूनच एक नवी अवस्था वैद्यकापुढे उभी राहिली. स्कॉटलंडमधील ब्रायन जेनेट आणि अमेरिकेतील फ्रेड प्लम यांनी १९७२ मध्ये तिला नाव दिले. मराठीत तिला ‘वनस्पतिवत अवस्था’ म्हणता येईल. अशा रुग्णाचे डोळे उघडे असतात, तो झोपतो, जागा होतो, श्वास घेतो, प्रसंगी कण्हतो. परंतु हेतुपूर्वक केलेल्या कृतीची कोणतीही खूण तो दाखवीत नाही. दोनच वर्षांनी, १९७४ मध्ये, जेनेट आणि ग्रॅहम टीसडेल यांनी ग्लासगो येथून एक गुणपद्धती प्रसिद्ध केली. डोळे उघडणे, बोलणे आणि हालचाल या तिहींना गुण देऊन तीनपासून पंधरापर्यंत बेरीज करणारी ही पद्धत आज भारतातील कोणत्याही मोठ्या रुग्णालयाच्या अपघात विभागात नित्य वापरली जाते.

पुढे असे ध्यानात आले की, वनस्पतिवत म्हणून गणलेल्या काही रुग्णांत जाणीव पूर्णतः लोपलेली नसते; ती मिणमिणत असते. एखादा रुग्ण आरशात दिसणाऱ्या चेहऱ्याचा नजरेने पाठलाग करतो, दहा वेळा सांगितल्यावर एकदा हात उचलतो आणि पुन्हा स्तब्ध होतो. जोसेफ जियासिनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये या अवस्थेचे वेगळे निकष ठरविले आणि तिला ‘किमान जाणिवेची अवस्था’ असे म्हटले. हा भेद केवळ शब्दांचा नाही. या दुसऱ्या वर्गातील रुग्णांची सुधारण्याची शक्यता अधिक असते, आणि त्यांना वेदना जाणवत असण्याचा संभवही अधिक असतो.

थॅलॅमसचे महत्त्व

जाणिवेचे इंद्रिय मेंदूच्या बाह्यकात, म्हणजे त्याच्या वळ्या असलेल्या वरच्या थरात आहे, असा समज दीर्घकाळ होता. १९४९ मध्ये ज्युसेपे मोरुत्सी आणि होरेस मॅगून या दोघांनी मांजरावर केलेल्या प्रयोगांतून वेगळेच चित्र पुढे आले. मेंदूच्या देठात पेशींचे एक जाळे आहे. त्याला विद्युत्-चेतना दिली की, संपूर्ण बाह्यक जागे झाल्याप्रमाणे वागू लागते. या देठाकडून वर जाणारा मार्ग मेंदूच्या मध्यभागी असलेल्या थॅलॅमस नावाच्या जोडभागातून जातो. वास वगळता बहुतेक सर्व संवेदना बाह्यकाकडे जाताना येथे थांबतात आणि बाह्यकाचे निरनिराळे भाग परस्परांशी जे दळणवळण करतात, त्यातही थॅलॅमसचा वाटा मोठा असतो.

या भागाचे महत्त्व पटविणारे एक प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेतील आहे. कॅरेन क्विनलन ही तरुणी १९७५ मध्ये बेशुद्ध झाली आणि १९८५ मध्ये मृत्यू येईपर्यंत पुन्हा शुद्धीवर आली नाही. तिचा कृत्रिम श्वास काढून घेण्याविषयीचा खटला जगभर गाजला होता. तिच्या मेंदूच्या तपासणीचा अहवाल १९९४ मध्ये प्रसिद्ध झाला. सर्वाधिक नाश बाह्यकात झाला असेल, ही अपेक्षा खोटी ठरली. तो थॅलॅमसमध्ये आढळला.

वाहनाच्या अपघातात डोके वेगाने हिसकले जाते, तेव्हा मेंदूतील लांबच लांब तंतू ताणले जातात आणि तुटतात. त्यामुळे थॅलॅमसकडे येणारी आणि त्याच्याकडून जाणारी चेतना क्षीण होते. येथे एक महत्त्वाची शक्यता उरते. थॅलॅमसमधील पेशी नाश पावल्या असतील, तर उपाय खुंटतो; परंतु त्या शाबूत असून केवळ चेतनेअभावी मुक्या झाल्या असतील, तर बाहेरून चेतना देऊन त्यांना पुन्हा बोलते करता येईल काय? या एका प्रश्नावर गेल्या काही दशकांतील संशोधन उभे आहे.

त्याचे पहिले ठळक उत्तर २००७ मध्ये मिळाले. अमेरिकेतील निकोलस शिफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, मारहाणीत जखमी होऊन सहा वर्षे किमान जाणिवेच्या अवस्थेत असलेल्या अडतीस वर्षांच्या एका पुरुषाच्या थॅलॅमसमध्ये दोन्ही बाजूंनी विद्युत्-अग्रे बसविली. विद्युत्-चेतना चालू असताना त्याचे लक्ष वाढले, तो तोंडाने खाऊ लागला आणि त्याच्या तोंडून समजण्याजोगे शब्द निघू लागले. हा प्रयोग ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाला. परंतु कवटीला छिद्र पाडून मेंदूच्या तळापर्यंत तारा नेणे ही साधी गोष्ट नव्हे. आधीच घायाळ झालेल्या मेंदूत रक्तस्राव किंवा जंतुसंसर्ग झाला तर होते नव्हते तेही जायचे, ही धास्ती असल्यामुळे हा उपाय थोड्याच रुग्णांपुरता मर्यादित राहिला. सुरीवाचून मेंदूच्या गाभ्यापर्यंत पोहोचण्याची वाट हवी होती, आणि ती ध्वनीच्या रूपाने समोर आली.

ध्वनीचे सामर्थ्य

मनुष्याच्या कानाला सेकंदाला सुमारे वीस हजार कंपनांपर्यंतचा ध्वनी ऐकू येतो. त्याच्या पलीकडील ध्वनी तो श्राव्यातीत. क्यूरी बंधूंनी १८८० मध्ये असे दाखविले की, काही स्फटिकांवर दाब दिला की त्यांत विद्युत्-भार निर्माण होतो. उलट विद्युत्-दाब दिला की असे स्फटिक आकसतात व फुगतात, हेही लवकरच सिद्ध झाले. या गुणधर्मामुळे हवा तितका सूक्ष्म ध्वनी निर्माण करता येऊ लागला. पहिल्या महायुद्धात पाणबुड्यांचा माग काढण्यासाठी त्याचा उपयोग करण्याचे प्रयत्न झाले आणि पुढे तो वैद्यकात आला. गर्भवतींच्या तपासणीमुळे सोनोग्राफी हा शब्द आज खेड्यापाड्यांतही परिचयाचा आहे.

तपासणीत ध्वनीचा उपयोग पाहण्यासाठी होतो. येथे तो कार्य घडवून आणण्यासाठी होतो. भिंगातून सूर्यकिरण एका बिंदूवर एकवटावेत, त्याप्रमाणे या लहरी वाटेतील भागांना फारसा उपद्रव न देता खोलवरच्या एका लहानशा जागी एकवटता येतात. लॉस एंजेलिसच्या प्रयोगात सेकंदाला सुमारे साडेसहा लाख कंपनांचा ध्वनी वापरला गेला. या लहरींची शक्ती खूप वाढविली, तर तेथील ऊतक उष्णतेने जळते. हातांच्या कंपविकारावर थॅलॅमसमधील एक सूक्ष्म ठिपका जाळण्याच्या अशा उपचाराला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१६ मध्येच मान्यता दिली. जाणिवेसाठी वापरलेला ध्वनी मात्र अगदी सौम्य होता. रक्तप्रवाह पाहण्यासाठी रुग्णालयांत नेहमी होणाऱ्या डॉप्लर तपासणीपेक्षाही त्याची ऊर्जा कमी होती, असे संशोधकांनी सांगितले.

ही कल्पना अचानक सुचलेली नाही. १९२९ मध्ये न्यूटन हार्वे यांनी श्राव्यातीत ध्वनीने बेडूक व कासव यांच्या स्नायूंना चेतना मिळते, असे नोंदविले होते. १९५८ मध्ये इलिनॉय विद्यापीठातील विल्यम फ्राय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांजराच्या थॅलॅमसमधील दृष्टीशी संबंधित भागावर ध्वनी एकवटून तेथील कार्य काही काळ थोपविले आणि ते पुन्हा पूर्ववत होते, असे दाखविले. २०१० मध्ये उंदराच्या मेंदूला कवटी न उघडता ध्वनीने चेतना देता आली. आणि २०११ मध्ये भूल दिलेल्या उंदरांच्या थॅलॅमसवर असा ध्वनी सोडल्यास त्यांची भूल लवकर उतरते, असे आढळले. भूल आणि कोमा या एक गोष्टी नव्हेत. तरीही या निरीक्षणातून मानवी रुग्णापर्यंतचा मार्ग स्पष्ट दिसू लागला.

ध्वनीने पेशीत नेमके काय घडते, याबद्दल शास्त्रज्ञांचे एकमत झालेले नाही. पेशीच्या आवरणात विद्युत्-भारित कणांची ये-जा नियंत्रित करणारी दारे असतात. लहरींच्या दाबाने ती उघडत किंवा मिटत असावीत, हा मत सर्वाधिक प्रचलित आहे. त्यात कवटीची अडचण निराळीच. प्रत्येकाच्या कवटीची जाडी व ठेवण भिन्न असते आणि हाड ध्वनीला शोषते, वाकविते व विखुरते. ज्याचे डोके अपघातात फुटलेले आहे, ज्याच्या कवटीचा तुकडा शस्त्रक्रियेत काढलेला आहे, त्याच्या बाबतीत ध्वनीचा बिंदू नेमका कोठे पडला, हे सांगणे अधिकच कठीण होते.

एका रुग्णाचा पुरावा

त्या तरुणाच्या हकीकतीला पुरावा म्हणून किती किंमत द्यावी? याचे उत्तर देण्यासाठी अशा रुग्णांची स्वाभाविक वाटचाल कशी असते, हे ठाऊक हवे. अमेरिकेतील अनेक वैद्यक संस्थांच्या संयुक्त समितीने १९९४ मध्ये उपलब्ध नोंदींचे संकलन केले. अपघाती इजेनंतर एक महिना वनस्पतिवत अवस्थेत असलेल्या प्रौढ रुग्णांपैकी ५२ टक्के रुग्णांची जाणीव वर्षभरात परत आली होती. हृदयक्रिया थांबणे, मेंदूला प्राणवायू न मिळणे अशा इतर कारणांनी त्या अवस्थेत गेलेल्यांमध्ये हे प्रमाण केवळ १५ टक्के होते. याचा अर्थ असा की, अपघातानंतरच्या प्रारंभीच्या काळात कोणताही उपचार केला, ताईत बांधला किंवा काहीच केले नाही, तरी निम्म्याहून अधिक रुग्ण वर्षभरात जाणिवेवर येण्याचा संभव असतो. आणि त्या वेळी जो उपचार चालू असेल, त्याच्या पदरी ते यश पडते.

हा पेच सोडविण्याची रीत जुनी आणि खात्रीची आहे. सारख्याच रुग्णांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट करावयाचे. एका गटाला खरा उपचार, दुसऱ्याला नुसता देखावा. आणि कोणाला काय मिळाले, हे तपासणाऱ्यालाही ठाऊक नसावयाचे. अमॅन्टाडीन या जुन्या औषधाच्या बाबतीत २०१२ मध्ये अशीच कसोटी घेण्यात आली. अपघातानंतर चार ते सोळा आठवडे लोटलेल्या १८४ रुग्णांवर चार आठवडे प्रयोग झाला आणि औषध घेणारे रुग्ण अधिक वेगाने सुधारले. मात्र औषध थांबविल्यावर त्यांचा वेग मंदावला आणि दोन आठवड्यांनी दोन्ही गट जवळजवळ बरोबरीला आले. अशा कसोटीतून लाभही कळतो आणि लाभाची मर्यादाही कळते.

ध्वनीचा उपचार या टप्प्यापर्यंत अद्याप पोहोचावयाचा आहे. मोंटी यांच्या गटाने २०२१ च्या जानेवारीत आणखी तीन रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. या वेळी त्यांनी मुद्दाम असे रुग्ण निवडले की, ज्यांच्या इजेला बराच काळ लोटला होता. त्यामुळे आपोआप सुधारणा होण्याचा संभव कमी होता. पक्षाघातानंतर चौदा महिन्यांहून अधिक काळ संवादाला मुकलेला छप्पन्न वर्षांचा एक पुरुष उपचारानंतर सांगितलेल्या कृती करू लागला. हृदयक्रिया थांबल्यामुळे अडीच वर्षे त्याहूनही क्षीण जाणिवेत असलेली पन्नास वर्षांची एक स्त्री पेन्सिल, कंगवा अशा वस्तू ओळखू लागली. तिसऱ्या रुग्णाला मोटार अपघात होऊन साडेपाच वर्षे झाली होती. त्याच्यात लक्षात येण्याजोगा फरक पडला नाही. सुधारलेल्या दोघांचा मेंदू अपघातात जखमी झालेला नव्हता आणि ज्याचा झाला होता तो सुधारला नाही, ही गोष्ट उत्साहाच्या भरात विसरता कामा नये. या अभ्यासात तुलनेसाठी दुसरा गटही नव्हता. हे पाऊल पुढचे खरे. पण त्याने मुक्काम गाठला, असे म्हणता येत नाही.

जो जागाच आहे, त्याचे काय?

मोंटी यांचे नाव या क्षेत्रात ध्वनीच्या प्रयोगापूर्वीच दुसऱ्या एका कारणाने गाजले होते. त्याची पार्श्वभूमी अशी. २००६ मध्ये केंब्रिज येथे एड्रियन ओवेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रस्ता-अपघातानंतर वनस्पतिवत ठरविलेल्या तेवीस वर्षांच्या एका तरुणीला एमआरआय यंत्रात ठेवून, टेनिस खेळत असल्याची कल्पना करण्यास सांगितले. निरोगी माणसाच्या मेंदूचा जो भाग अशा वेळी उजळतो, नेमका तोच भाग तिच्या मेंदूतही उजळला. आपल्या घराच्या खोल्यांतून फिरत असल्याची कल्पना करण्यास सांगितले, तेव्हा त्या कल्पनेशी संबंधित असा दुसरा भाग उजळला. जिला काहीच कळत नाही असे सर्व लक्षणे सांगत होती, ती सांगितलेले ऐकत होती, समजून घेत होती आणि त्याप्रमाणे वागत होती.

२०१० मध्ये मोंटी, ओवेन आणि बेल्जियममधील स्टीव्हन लॉरेज यांच्या गटाने अशा ५४ रुग्णांची तपासणी केली. पाच जणांनी अशी इच्छाधीन प्रतिक्रिया दाखविली. त्यांपैकी एकाने तर ‘होय’साठी एक कल्पना आणि ‘नाही’साठी दुसरी, अशा संकेताने साध्या प्रश्नांची उत्तरे दिली. हा अपवाद असेल, असे कोणी म्हणेल, तर त्याचे उत्तर २०२४ मध्ये मिळाले. अनेक देशांतील केंद्रांनी मिळून केलेल्या अभ्यासात, सांगितलेल्या आज्ञेला बाह्यतः कोणताही प्रतिसाद न देणाऱ्या २४१ रुग्णांपैकी ६० जणांच्या, म्हणजे दर चौघांत एकाच्या, मेंदूत आज्ञेप्रमाणे कार्य घडत असल्याचे एमआरआय किंवा मेंदूचा विद्युत्-आलेख यांवरून आढळून आले.

याहून अस्वस्थ करणारी गोष्ट अशी की, बहुतेक चुका शोधण्यासाठी एवढ्या महागड्या यंत्राचीही आवश्यकता नसते. २००९ मध्ये बेल्जियममधील एका अभ्यासात, उपचार करणाऱ्यांच्या एकमताने वनस्पतिवत ठरलेल्या ४४ रुग्णांची ठरावीक, पायरीपायरीच्या तपासणी-पद्धतीने पुन्हा पाहणी केली. त्यांतील १८, म्हणजे ४१ टक्के, रुग्ण किमान जाणिवेच्या अवस्थेत असल्याचे दिसून आले. या तपासणीला आरसा, चेंडू, कंगवा अशी घरगुती साधने लागतात आणि वेळ अर्ध्या तासाच्या आसपास लागतो. मात्र ती एकदाच करून भागत नाही. अशा रुग्णाची जाणीव भरतीओहोटीप्रमाणे चढत-उतरत असते. सकाळी जो मुका असतो, तो संध्याकाळी बोट हलवितो. म्हणून थोड्या दिवसांत निदान पाच वेळा तपासणी करावी, असे पुढील संशोधनाचे सांगणे आहे. अमेरिकेतील मज्जाविकार-तज्ज्ञांच्या संस्थेने २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत ‘कायमची’ वनस्पतिवत अवस्था हा शब्दप्रयोग काढून ‘दीर्घकालीन’ असा शब्द घातला, तो याच नम्रतेपोटी.

कायदा आणि निदान

महाराष्ट्रात या विषयाची चर्चा अरुणा शानबाग यांचे नाव घेतल्यावाचून पुरी होत नाही. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातील या परिचारिकेवर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी पाशवी हल्ला झाला. गळा आवळल्यामुळे मेंदूला प्राणवायू मिळाला नाही. त्यानंतर १८ मे २०१५ रोजी मृत्यू येईपर्यंत, एकेचाळीस वर्षांहून अधिक काळ, त्याच रुग्णालयातील परिचारिकांनी पिढ्या बदलल्या तरी त्यांची शुश्रूषा केली. त्यांची इजा अपघाती आघाताची नव्हती आणि अशा इजेतून जाणीव परतण्याचा संभव किती कमी असतो, हे वर दिलेल्या आकड्यांवरून स्पष्ट होते. परंतु भारतीय कायद्याला या प्रश्नाचा सामना त्यांच्या निमित्ताने करावा लागला. सर्वोच्च न्यायालयाने ७ मार्च २०११ रोजी त्यांच्या बाबतीत उपचार थांबविण्याची विनंती अमान्य केली. मात्र तज्ज्ञांच्या मताने आणि उच्च न्यायालयाच्या संमतीने जीवरक्षक उपचार काढून घेण्याचा मार्ग तत्त्वतः मान्य केला. ९ मार्च २०१८ च्या घटनापीठाच्या निर्णयाने सन्मानाने मरण्याचा हक्क मान्य करून त्याची कार्यपद्धती ठरविली आणि २०२३ च्या जानेवारीत ती अधिक सुटसुटीत करण्यात आली. आता हा निर्णय डॉक्टरांच्या दोन मंडळांच्या अभिप्रायावर उभा राहतो.

कायद्याने अशा रीतीने सर्व भार निदानावर टाकला आहे. हे योग्यच आहे. पण ज्या निदानात पाचांपैकी दोन वेळा चूक होऊ शकते, ते नीट पारखून न घेता असा निर्णय करणे अन्यायाचे ठरेल. उलट बाजूही तितकीच खरी आहे. सर्व तपासण्या पुन्हा पुन्हा करूनही जेथे जाणिवेचा मागमूस नाही आणि इजेचे स्वरूपच आशेला जागा ठेवीत नाही, तेथे दूरच्या प्रयोगशाळेतील एका हकीकतीच्या बळावर कुटुंबाला वर्षानुवर्षे झुलवत ठेवणे, हेही क्रौर्यच होय.

यात आणखी एक प्रश्न गुंतलेला आहे. अर्धवट जाणीव परत आणणे हे नेहमीच वरदान ठरेल काय? स्वतःच्या पंगू अवस्थेची ओळख पटेल, परंतु ती सांगता येणार नाही, अशा स्थितीत रुग्णाला आणून सोडणे कितपत उचित, असा प्रश्न काही विचारवंत करतात. तो टाळता येणार नाही. मात्र त्याचे उत्तर बव्हंशी त्यानंतरच्या शुश्रूषेवर अवलंबून आहे. ‘होय’ आणि ‘नाही’ एवढे दोन शब्द ज्याला खुणेने सांगता येतात, त्याला वेदना कोठे आहे हे विचारता येते, कूस बदलायची का हे विचारता येते आणि पुढील उपचार हवेत का, हेही कधीतरी विचारता येते.

भारतापुढील काम

रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात भारतातील रस्त्यांवर ४,६१,३१२ अपघात झाले. १,६८,४९१ माणसे मेली आणि ४,४३,३६६ जखमी झाली. हेल्मेट न घातलेले ५०,०२९ जण त्या वर्षी प्राणास मुकले. हेल्मेटची सक्ती करणारे कलम १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात प्रारंभापासून आहे. अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्यास पोलीस व न्यायालय यांचा जाच होऊ नये, अशी तरतूद २०१९ च्या दुरुस्तीने झाली आहे. जखमी मेंदूवरचा सर्वांत परिणामकारक उपाय आजही तो जखमी होऊ न देणे हाच आहे, आणि त्यासाठी कोणत्याही शोधाची वाट पाहण्याचे कारण नाही.

जे जखमी होऊन वाचतात, त्यांच्यासाठी करण्याजोगेही पुष्कळ आहे. अतिदक्षता विभागातून सुटल्यावर असा रुग्ण बहुधा घरी येतो आणि त्याचा भार आई, पत्नी किंवा सून यांच्यावर पडतो. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून कूस कशी बदलावी, नळीवाटे अन्न कसे द्यावे, आखडलेले सांधे कसे मोकळे करावेत, हे त्यांना शिकविणारी व्यवस्था जिल्हा रुग्णालयापर्यंत आली पाहिजे. ठरावीक पद्धतीच्या तपासणीचे शिक्षण परिचारिकांना देणे फार खर्चाचे नाही. त्यात भाषेचे भान हवे. पुण्यात बांधकामावर पडून जखमी झालेल्या बिहारी मजुराला मराठीतून ‘हात उचल’ म्हटले आणि त्याने तो उचलला नाही, तर त्यावरून त्याच्या जाणिवेची परीक्षा होत नाही. रुग्णाला त्याच्या मातृभाषेत, शक्य तर त्याच्या माणसाच्या आवाजात विचारले पाहिजे. घरच्यांनी ‘त्याने माझ्याकडे पाहिले’ असे सांगितले, तर त्याला भाबडेपणा म्हणून झटकून टाकू नये. निरीक्षण म्हणून ते नोंदवावे आणि पडताळून पाहावे.

ध्वनीच्या उपचाराचे संशोधन चालू राहिले पाहिजे, आणि भारतातील मोठ्या संस्थांनीही त्यात भाग घेतला पाहिजे. कारण दुर्दैवाने अशा रुग्णांची येथे वाण नाही. परंतु जोवर तो कसोटीला उतरलेला नाही, तोवर तो संशोधन म्हणूनच, रुग्णाकडून पैसे न घेता आणि नैतिक समितीच्या देखरेखीखाली व्हावा. जो स्वतः संमती देऊ शकत नाही, त्याच्या बाबतीत ही दक्षता दुप्पट हवी. हताश कुटुंबाची आशा ही बाजारात सर्वांत सहज विकली जाणारी वस्तू आहे. अशा उपचाराची हमी देऊन कोणी पैसे मागू लागला, तर तुलनेच्या गटासह झालेल्या प्रयोगाचा निष्कर्ष दाखवा, एवढी एकच मागणी सुशिक्षितांनी करावी.

लॉस एंजेलिसच्या तरुणाला ध्वनीने जागे केले की निसर्गाने, हे कदाचित कधीच कळणार नाही. एक गोष्ट मात्र त्या हकीकतीत निःसंशय आहे: उपचारापूर्वी त्याची जाणीव काटेकोरपणे मोजलेली होती, म्हणूनच नंतरचा फरक कळला. हे मोजमाप ध्वनीचे यंत्र नसलेल्या रुग्णालयातही करता येते. भारतातील कोणत्याही रुग्णालयात निपचित पडलेल्या माणसाच्या उशाशी बसून, त्याच्या भाषेत, पुन्हा पुन्हा, उत्तराची पुरेशी वाट पाहून विचारणे आजच शक्य आहे. तेवढे करण्यापूर्वी ‘याला काही कळत नाही’ असे म्हणण्याचा अधिकार कोणालाही पोहोचत नाही.